तुम्ही विचारलंत म्हणून: अख्खं पान एकदम कसं पाठवायचं?

फर्मागुडीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन नोकरीला लागलेली मुलं दोन-चार महिन्यांनी भेटतात, तेव्हा त्यांच्यातला कुणीतरी हे विचारतोच. "सर, सी शार्पमध्ये माझ्याकडे शे-दोनशे ओळींची यादी तयार आहे. ती एसक्यूएल सर्व्हरच्या स्टोअर्ड प्रोसिजरला, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रामला द्यायचीय. पॅरामीटरमध्ये तर एकच व्हॅल्यू बसते. मग लूप लावून एकेक ओळ पाठवू का?"

लूप नको. का नको, ते सांगायला मला काजूच्या हंगामाशिवाय दुसरं उदाहरण सुचत नाही, कारण मी हे तिथेच शिकलो.

मी फोंड्याला राहतो आणि काजूबियांच्या एका खरेदीदाराचं सॉफ्टवेअर सांभाळतो. मार्च ते मे सत्तरीतल्या गावांत खरेदी चालते. काट्यावर पोतं चढलं की एक ओळ: बागायतदाराचं नाव, वजन, दर. संध्याकाळी त्या दिवसाचं पान पणजीच्या सर्व्हरवर जायचं. सुरुवातीला मीही लूपच लावला होता. एका ओळीला जाऊन यायला ५० मिलिसेकंद धरा, ४०० ओळींना २० सेकंद झाले. तेवढं थांबता येतं. पण मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि मधेच लाइन गेली, की केंद्रावरचा मुलगा फोन करून विचारणार, "कुठपर्यंत गेलं? पुन्हा पाठवू की नको?" आणि मी निरुत्तर. सगळ्या ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे 'सगळं किंवा काहीच नाही' अशा गठ्ठ्यात घातल्या तर अर्धवट काही राहत नाही, हे खरं. मात्र तेवढा सगळा वेळ लॉक, म्हणजे टेबलावरची कुलपं, धरून ठेवले जातात आणि बाकीची केंद्रं रांगेत उभी राहतात.

लूप सुटला की पुढची पायरी ठरलेली: सगळ्या ओळी मजकूर म्हणून जोडून एकच मोठी इन्सर्ट क्वेरी (ओळी घालायची आज्ञा) तयार करायची. इथे मी मुलांना हात धरून थांबवतो. आमच्या गोव्यात डि'सोझा आहेत, डि'मेलो आहेत, डि'कुन्हा आहेत. इंग्रजीत लिहिताना नावात वरती जे स्वल्पविरामासारखं चिन्ह येतं, तेच एसक्यूएलला, म्हणजे डेटाबेसच्या भाषेला, मजकूर संपल्याची खूण वाटतं. म्हणजे माणसाने प्रामाणिकपणे आपलं आडनाव सांगितलं आणि क्वेरी मोडली. हेच भोक वापरून उद्या कुणी मुद्दाम त्या चिन्हापुढे स्वतःची कमांड लिहील. चिन्ह दुप्पट करून वेळ मारून नेता येते, पण पन्नास ठिकाणी केलं आणि एका ठिकाणी राहिलं, तर ते एकच पुरेसं असतं. ज्याने उन्हात बिया गोळा करून आणल्या, त्याची नोंद त्याच्या नावामुळे अडावी हे मला सहनच होत नाही.

प्रत्येक व्हॅल्यूला वेगळा पॅरामीटर दिला तर हा धोका टळतो, पण एसक्यूएल सर्व्हर एका वेळी २१०० पॅरामीटर घेतो. तीन रकाने धरले तर सातशे ओळींच्या आसपास पान संपलं. नुसते आयडी असतील तर स्वल्पविरामांनी जोडून २०१६ च्या आवृत्तीपासून असलेल्या स्ट्रिंग स्प्लिटने तिकडे सुटे करता येतात. पानाला मात्र ते पुरत नाही, कारण तिथे तीन रकाने एकमेकांना धरून असतात.

पानासाठी २००८ च्या आवृत्तीपासून टेबल व्हॅल्यूड पॅरामीटर आहे, म्हणजे अख्खं टेबल घेणारा पॅरामीटर. आधी डेटाबेसमध्ये टेबलच्या आकाराचा एक टाइप तयार करायचा: नाव, वजन, दर. प्रोसिजरमध्ये त्या टाइपचा पॅरामीटर घ्यायचा, त्याला रीडओन्ली लिहावंच लागतं. आत तो इतर टेबलांसारखाच वागतो, जॉइन करा, सिलेक्ट करा, फक्त त्यात बदल करता येत नाही. कोडमध्ये पॅरामीटरचा प्रकार स्ट्रक्चर्ड, त्या टाइपचं नाव, आणि व्हॅल्यू म्हणून भरलेलं डेटाटेबल, म्हणजे सी शार्पमधलं मेमरीतलं टेबल. एक फेरी, आणि आत एकच इन्सर्ट, म्हणून गेलं तर सगळं नाहीतर काहीच नाही. डि'सोझांचं नाव मजकूर म्हणूनच जातं.

आता माझी चूक सांगतो, कारण ती कुणाच्याही हातून होईल. टाइपमध्ये आधी वजन, मग दर. डेटाटेबल भरताना मी आधी दर घातला, मग वजन. रकान्यांची नावं दोन्हीकडे बरोबर होती, म्हणून मी निर्धास्त. पण ती नावं तिकडे कुणी बघतच नाही. दुसरा रकाना दुसऱ्यात, तिसरा तिसऱ्यात. दोन्ही डेसिमल, त्यामुळे एररही आला नाही. ४२ किलो बिया १२० दराने घेतल्या, त्या लागल्या १२० किलो, ४२ दराने. रक्कम दोन्ही बाजूंनी ५०४० रुपये! पैसे जुळले, दिवसाची बेरीज जुळली, हिशेबनिसाला शंका यायचं कारणच नव्हतं. आठव्या दिवशी गोदामातल्या काकांनी साठ्याचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "एवढ्या बिया आल्याच नाहीत रे. आल्या असत्या तर मावल्या नसत्या." आठ दिवसांच्या ओळी मी त्यांच्याशेजारी बसून, पावत्यांशी ताडून सरळ केल्या. तेव्हापासून रकान्यांचा क्रम कोडमध्ये एकाच ठिकाणी लिहितो, आणि चाचणीत रक्कम न बघता वजन बघतो.

टाइप करताना घाई करू नका. तो नंतर बदलता येत नाही. आम्हाला ओलाव्याचा रकाना वाढवायचा होता, तर आधी तो वापरणाऱ्या सगळ्या प्रोसिजर काढाव्या लागल्या, मग टाइप, मग सगळं पुन्हा. आणि ॲप्लिकेशनच्या युजरला त्या टाइपवर एक्झिक्यूटची परवानगी द्यायला विसरू नका. या पॅरामीटरच्या रकान्यांची स्टॅटिस्टिक्स, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवायला लागणारा अंदाज, सर्व्हर ठेवत नाही. म्हणून हजारो ओळी मोठ्या टेबलाशी जॉइन करायच्या असतील तर आधी टेंप टेबलमध्ये (तात्पुरत्या टेबलात) उतरवून घ्या. लाखांत असतील तर बल्क कॉपी, म्हणजे थेट टेबलात घाऊक भरणाच बरा.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी प्रत्येक रकान्याचा एक ॲरे (यादी) पाठवावा आणि तिकडे अननेस्टने ओळी करून घ्याव्यात. मायएसक्यूएल ८ मध्ये जेसन मजकुरातून ओळी करणारं जेसन टेबल आहे.

राहिली रिकामी यादी. गुड फ्रायडे ऐन हंगामात येतो, काही केंद्रं बंद असतात. मोठ्या पानांसाठी मी डेटाटेबल सोडून एसक्यूएल डेटा रेकॉर्डची, म्हणजे एकेक ओळ पुढे सरकवणारी यादी पाठवायला लागलो होतो, आणि ती त्या दिवशी शून्य ओळींची निघाली. डेटाटेबल रिकामं चालतं, ही यादी चालत नाही. एक्सेप्शन (एरर) येतो आणि तोच सांगतो की ओळी नसतील तर नल, म्हणजे 'काहीच नाही', द्या. डेटाबेससाठीचा वेगळा डीबीनल नव्हे, सी शार्पचा साधा नल. तसं केलं की प्रोसिजरला रिकामं टेबल मिळतं. केंद्राचा नंबर आणि तारीख वेगळ्या पॅरामीटरमध्ये असतातच, त्यामुळे खरेदी शून्य होती की पान यायचंच राहिलं, हे पणजीत बसलेल्याला फोन न करता कळतं.