दोऱ्याला गाठ मारायची नाही

आप्पा गेले त्याला वर्ष व्हायच्या आत वारी चालायची असं ठरवलं होतं. खरं सांगायचं तर बॅग भरताना डोक्यात फक्त हिशोब चालू होता. "रिटायर झालो की आळंदीपासून चालणार" हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आले, आणि २००८ ला ते रिटायर झाले तोवर त्यांचे गुडघे गेलेले. म्हणलं आपण चालून टाकू, एक राहिलेलं काम संपेल. आईने त्यांच्या कपाटातले खाकी मोज्यांचे दोन जोड काढून दिले, घट्ट आणि जाड, मी म्हणलं आई पावसाळा आहे, वाळायचे नाहीत हे, तर म्हणाली ने.

आळंदी, पुण्यातले दोन दिवस, सासवड, जेजुरीचा भंडारा, हे सगळं आता एकात एक मिसळलंय. लक्षात काय राहिलं तर राहुटीतल्या एका काकूंचं घोरणं, आणि पहाटे तीनला टँकरखाली बादल्यांची भांडणं. रात्री हरिपाठात डोळे मिटून डोलणारी बाई सकाळी माझी बादली पायाने बाजूला सारते आणि वर "माउली, सरका" म्हणते. माउली म्हणलं की आपल्याला भांडताही येत नाही, हे फार सोयीचं आहे. मोबाईल चार्जिंगच्या बोर्डापाशी तर मी स्वतः एका पोराचा चार्जर काढून माझा लावला, ते इथं कबूल करून टाकते.

दिवे घाटात मात्र मी थांबले. रिटायर झाल्यावर एका वर्षी आप्पांना आम्ही गाडीने तिथं नेलं होतं, लांबून पालखी बघायला. रथ समोर आला तसे सगळे हात जोडून वाकले आणि आप्पांनी टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला. आजूबाजूची पोरं हसली. मलाही लाज वाटली, मी त्यांचा कोपर धरून हात खाली घ्यायला लावला. त्यांनी घेतला बिचाऱ्यांनी. यावेळी मी ती जागा शोधत होते, पण घाटात इतकी गर्दी की थांबले तेवढ्यात मागून विणेकऱ्याचा धक्का बसला आणि पुढे ढकलले गेले.

आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीचे, पहिली बटालियन, जंगी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये ब्रह्मपुत्रा ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या मागे जाऊन बसलेल्यांत ते होते, तेव्हा तेवीस वर्षांचे. त्या लढाईबद्दल आम्ही किती खोदून विचारलं असेल, पण ते सांगायचे फक्त पायांबद्दल. बूट किती दिवस काढता आले नाहीत, मोजे कसे चिकटले, कोणाच्या टाचेचं कातडं कसं निघालं. लहानपणी मला वाटायचं की हे काय युद्ध, बंदुकीचं सांगा ना. ते म्हणायचे सैनिकाचे पाय गेले की बंदूक कोण उचलणार.

पलटणीतून आले आणि दुसऱ्या वर्षी तेलाच्या नोकरीला लागले. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत समुद्रात, मुंबई हायला. समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या सागर सम्राट रिगने १९७४ मध्ये तिथं तेल शोधलं तेव्हा आप्पांच्या अंगावर अजून वर्दी होती. रिगवर चौदा दिवस ड्यूटी, चौदा दिवस घर. जुहूहून हेलिकॉप्टर. शाळेत मी ऐटीत सांगायचे की माझे वडील हेलिकॉप्टरने कामाला जातात, आणि मग ते ड्रिल फ्लोअरवर दिवसभर पाईप जोडतात आणि मडने, म्हणजे ड्रिलिंगच्या चिखलाने, माखतात हे सांगायचे नाही. नखांतला काळेपणा मात्र चौदा दिवसांतही पूर्ण जायचा नाही. जायला लागला की त्यांची जायची तारीख आलेली असायची, आम्ही भावंडं नखं बघून ओळखायचो.

घरी असले की ते घरीच असायचे, म्हणजे पूर्ण. आमचे बूट पॉलिश, आईच्या मिक्सरची दुरुस्ती, रविवारी स्वतः मटण. माळ त्यांनी त्यापायीच घातली नाही, माळ घातली की मटण बंद आणि वर्षातनं निम्मेच रविवार मिळणाऱ्या माणसाला ते परवडणारं नव्हतं. रात्री खोबरेल तेल कोमट करून आमच्या तळपायांना लावायचे, चौदा दिवसांचं उरलेलं एकदमच लावत असल्यासारखं, गादीला डाग पडायचे म्हणून आई ओरडायची. आणि नसले की नसायचेच. माझ्या दहावीच्या निकालाला नव्हते, धाकट्याच्या जन्माला नव्हते. आषाढात तर हमखास रिगवर, समुद्र खवळला की हेलिकॉप्टर उडायचं नाही आणि चौदाचे सतरा व्हायचे. एकादशीला तिथंच हरिपाठ म्हणायचे, पण दिवा नाही, उदबत्ती नाही, काडेपेटीच न्यायची बंदी. मी एवढं तेल काढतो आणि विठोबाला एक वात लावू शकत नाही, असं एकदा म्हणाले होते हसत. २७ जुलै २००५ ला मुंबई हायवर आग लागली, २२ माणसं गेली, तेव्हा आप्पा सुट्टीवर होते. टीव्हीसमोर बसले ते पायात बूट घालून, कुठं जाणार होते कोणास ठाऊक. जेवले नाहीत. तारीख आली तसे बॅग घेऊन गेले. मी तेव्हा पंचवीस वर्षांची, मी भांडले, की नका जाऊ. त्याचं काही उत्तर दिलं नाही त्यांनी.

बरड ते नातेपुते हा टप्पा मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. सकाळपासून डाव्या टाचेत काहीतरी होतं, पायातले माझे महागडे स्पोर्ट्स मोजे (खाकी तळाशीच होते बॅगेत), आणि धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला तेव्हा लोक स्वागताच्या कमानीपाशी फुगड्या खेळत होते आणि मी एका टमटमच्या सावलीत बसून रडत होते. पाऊस नाही, डांबर तापलेलं. टाचेवर रुपयाएवढा फोड, पाण्याने टम्म. ट्रकमध्ये बसून जा असं दिंडीतल्या तिघींनी सांगितलं आणि तिघींचाही मला राग आला. टाळ वाजत पुढून जातायत, ज्ञानोबा तुकाराम चाललंय आणि माझ्या डोक्यात एवढंच की गप्प बसा रे जरा.

लंगडत आणखी दोनेक किलोमीटर गेले असेन. रस्त्याकडेला एक नवरा-बायको पोत्यावर बसलेले, समोर करडईच्या तेलाची परात, येईल त्याचे पाय चोळत होते. बायका मावशींकडं, पुरुष काकांकडं. मी नको नको म्हणत होते, सत्तरीच्या बाईकडून पाय चोळून घ्यायचे कसे. त्यांनी ओढूनच बसवलं. टाच बघितली आणि काकांना हाक मारली, "ओ, हिकडं या, सुई घिऊन."

काका आले. ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम असणार, नखं तशीच काळी. लायटरवर सुई तापवली, गार होईस्तोवर फुंकर नाही मारली, नुसती हलवली. "फोडू नका हो," मी म्हणलं, का तर पुढचं चालणं संपेल या भीतीने. "फोडत न्हाय माउली. धागा ववतो." फोडाच्या एका कडेने सुई आत, दुसऱ्या कडेने बाहेर, आणि धागा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी धाग्यावाटे हळूहळू ठिबकायला लागलं. कातडं जागेवर.

हे मला येत होतं. चौथीत असताना सहलीहून आले तेव्हा आप्पांनी अगदी असंच केलं होतं आणि वर सांगितलं होतं, लक्षात ठेव, कातडं काढायचं नाही, तेच मलम आहे. माझ्या पाठपिशवीत सुईदोरा होता. आणि मी टमटमखाली बसून रडत होते.

काका मान खाली घालून फोडाभोवतीच्या भागाला तेल लावत होते, फोडाला चुकूनही लागू न देता. मी त्यांच्या नखांकडं बघत बसले. तुम्ही पलटणीत होता का, असं विचारायचं होतं पण मावशींनी पुढच्या बाईला बसवलं होतं आणि रांग मोठी होती. पैसे काढले तर काकांनी माझ्याच पायांना हात लावून कपाळाला लावला. मी दचकून पाय मागे घेतला आणि तेलाची परात थोडी सांडली. त्याचंही कोणी काही बोललं नाही. निघताना पायात काय घालू विचारलं, तर म्हणाले जाड मोजा असंल तर बघा.

रिंगण बघितलं, वाखरी झाली, पंढरपुरात कळस दिसला, रांग एवढी की दर्शन तिथूनच. ते सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी नातेपुत्याच्या तळावर चार्जिंगला नंबर लावून, यावेळी नीट रांगेत, आईला व्हिडिओ कॉल केला. खाकी मोजा काढून टाच कॅमेऱ्यासमोर धरली. आईने चष्मा वर-खाली केला.

"कुणी ओवला?"

"रस्त्यात एक काका होते."

"गाठ नाही ना मारली?"

"नाही."

"मग बरोबर आहे. झोप आता."