रातचा फोन कोनाला लावाचा?

नवी मुंबईत, कोपरखैरण्यात मी भाड्याच्या खोल्या लावून देतो. बैठ्या घरांचे सेक्टर, गावठाण, गिऱ्हाईक असलं तर पार घणसोलीपर्यंत. एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली, ११ महिन्यांचा करार, पोलीस ठाण्यात भाडेकरूचे कागद, संपला विषय. बॅचलर पोरांना खोली मिळवून देतानाच माझ्या नाकी नऊ येतात. त्यामुळे मनोरुग्णालयातून सुटलेल्या, दारूची सवय असलेल्या आणि वर टीबीची औषधं चालू असलेल्या माणसासाठी एका संस्थेच्या मॅडम खोली मागायला आल्या, तेव्हा मी काय चेहरा केला असेल ते तुम्हीच ठरवा.

चाळीत त्या माणसाला आता सगळे मामा म्हणतात. मूळचे सातारा जिल्ह्यातले, वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी. पाठ गेली, काम गेलं, दारू वाढली, मग कानात आवाज यायला लागले आणि मुक्काम तुर्भे स्टेशनच्या आसपास. पोलिसांनी उचलून ठाण्याच्या मनोरुग्णालयात पोहोचवलं. १९०१ सालचं जुनं हॉस्पिटल ते. तिथे औषध लागू पडलं, माणूस बोलायला लागला. गावी भावाला फोन लावला तर उत्तर आलं, "तिकडंच ऱ्हाऊ द्या."

कर्जतला डॉ. भरत वाटवानींची संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोहोचवते. त्यासाठी २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काम मोठंच आहे. पण ज्याच्या घरचं दार आतून बंद आहे त्याचं काय? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की, घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला हॉस्पिटलात डांबून ठेवता येणार नाही. उत्तम. पण गेटच्या बाहेर आल्यावर रिक्षा कुठे वळवायची?

रात्रनिवारा आहे की, असं लोक म्हणतात. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच शहरांना सांगितलं होतं, लाख वस्तीमागे एक निवारा हवा आणि तो चोवीस तास उघडा हवा. कामाच्या शोधात आलेल्या धडधाकट माणसाला निवारा पुरतो, माझं त्याबद्दल वाकडं नाही. मामांचं तिथे जमलं नाही. प्यायलेल्याला आत घेत नाहीत, खोकल्यावर शेजारच्या खाटा कुरकुरतात, आणि उशाखालची औषधांची पिशवी सकाळी सापडेलच असं नाही.

आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात एकच क्रम बसलाय. आधी दारू सोड, औषधं नीट घे, शिस्तीत राहून दाखव, मग घराचं बघू. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये हा क्रम उलटा केला: आधी चावी हातात, अट नाही, बाकीची मदत नंतर आणि माणूस म्हणेल तशी. फिनलंडने २००८ पासून ते सरकारी धोरणच केलं, निवाऱ्याच्या इमारतींचे भाड्याचे छोटे फ्लॅट केले. कॅनडाने पाच शहरांत दोन हजारांवर माणसं घेऊन हे तपासलं. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत पूर्ण वेळ घरात राहिलेले, घर आधी मिळालेल्यांत ६२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ३१. व्यसनात मात्र दोन्हींत फारसा फरक पडला नाही. मला ही गोष्ट उलट धीर देणारी वाटते. कुणी चमत्काराचा दावा करत नाहीये, घर टिकतं एवढंच म्हणतायत. आणि माझा धंदा तेवढ्यापुरताच आहे.

फिनलंड लांब वाटत असेल तर चेन्नई बघा. तिथली 'द बॅनियन' ही संस्था बऱ्या झालेल्या चार-पाच जणींना साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र ठेवते, सोबत मदतीला एखादी बाई. शेजारी भाजीवाला, समोर शाळा. पाटी नाही, वॉर्ड नाही.

आमच्या इथे पहिली अडचण अंगठ्याची आली. करार ऑनलाइन नोंदवायचा तर आधार आणि बोटाचा ठसा लागतो. मामांचं आधार हरवलेलं, आणि वर्षानुवर्षं गोण्या उचलून बोटं अशी घासलेली की मशीन दाद देईना. शेवटी करार संस्थेच्या नावाने केला. डिपॉझिट संस्थेचं, भाडं पाच तारखेच्या आत संस्थेकडून. घरमालकीण काकू आगरी, सरळ बोलणारी. तिने आजाराचं नाव विचारलं नाही, दारूचंही नाही. तिचा प्रश्न एकच, "रातचा काय झाला त फोन कोनाला लावाचा?"

सगळी मेख इथे आहे. खोली मी आणून देतो. रात्री फोन उचलणारं माणूस मी कुठून आणू?

संस्थेने एक नंबर दिला आणि वस्तीतलीच एक मुलगी नेमली. आधी रोज यायची, मग एक दिवसाआड. पावसाळ्यात एकदा मामा मध्यरात्री जिन्यात बसून भिंतीशी भांडायला लागले. काकूने मला नाही, त्या नंबरला फोन केला. मुलगी रिक्षाने आली, चहा केला, पहाटेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी मामांचे दोन्ही केसपेपर घेऊन डॉक्टरांकडे गेली. तेव्हा कळलं की टीबीच्या गोळ्यांतली रिफॅम्पिसिन मानसिक आजाराच्या काही औषधांचा असर कमी करते. टीबीचा डॉक्टर एका ठिकाणी, मनाचा दुसरीकडे, दोघांनी एकमेकांचा कागद पाहिलेला नव्हता. डोस बदलला, भांडण थांबलं. अशा माणसाला चार खात्यांची चार माणसं नकोत, चारही खात्यांत जाणारं एक माणूस लागतं.

मामा अजूनही पितात, पगाराच्या दिवशी हमखास. मार्केटमध्ये गोण्या शिवतात आणि भाड्यातला थोडा वाटा स्वतः देतात. काकूने नियम घातलाय, बाहेरचं माणूस खोलीत आणायचं नाही. मामा तो नियम पाळतात. गॅसऐवजी इंडक्शन दिलंय, हे माझं डोकं.

पैशाचं गणित अजून कच्चंच आहे. फिनलंडमध्ये घरभाड्याला सरकार हातभार लावतं, इथे देणगीदार आहे तोवर चाललंय. संजय गांधी निराधार योजनेच्या पैशात कोपरखैरण्यात खोलीचं भाडं निघत नाही, आणि त्यासाठीही १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला लागतो. पुलाखाली राहणाऱ्याने तो कुठून आणायचा? ज्या कचेरीत आम्ही विचारलं तिथल्या साहेबांनी "लाइट बिल आणा" म्हणून सांगितलं.

मॅडमना आणखी दोन खोल्या हव्यात. तळमजला, संडास आत, कोपरखैरणे ते तुर्भे कुठेही. दलाली मी घेणार नाही, डिपॉझिट चेकने मिळेल, आणि तो रात्रीचा नंबर करारातच छापून देतो.