आमची वाटचाल: पोत्यातली सफरचंदं

आमच्या मालकीचं सफरचंदाचं एकही झाड नाही. धंदा सुरू केला तेव्हाही नव्हतं. आजूबाजूच्या परसांत फळं गळून कुजताना दिसायची, म्हणून शेडच्या दारावर एक पाटी लावली: जास्तीची सफरचंदं आणून द्या, सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य, तयार झाली की त्या बदल्यात बाटल्या न्या. दहा-बारा पोती येतील असा अंदाज होता. दोन आठवड्यांत आत पाय ठेवायला जागा उरली नाही.

सगळ्यात आधी शिकलो ते नाही म्हणायला, आणि तेच जड गेलं. एक आजोबा हातगाडीवर तीन पोती घेऊन आले; वरचा थर सुंदर, खाली नुसता तपकिरी गाळ. फळ खरचटलेलं, डागाळलेलं, वेडंवाकडं असलं तरी चालतं. कुजलेलं चालत नाही, कारण त्यात पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं. युरोपीय संघात सफरचंदाच्या रसासाठी त्याची मर्यादा किलोमागे 50 मायक्रोग्रॅम आहे. जनावरं चरतात तिथली पडलेली फळंही आम्ही घेत नाही, शेणातून ई. कोलाय हा जंतू यायचा धोका असतो. आजोबा रागावून गेले. पुढच्या वर्षी मात्र घरूनच निवडून आणली.

शंभर किलोतून साठ-पासष्ट लिटर रस निघतो, चोथा गुरांना जातो. पहिल्या वर्षीची सायडर स्वच्छ झाली, आंबट झाली आणि पाणचट झाली. नातेवाइकांनी कौतुक केलं. विकत घेऊन प्यायलेल्यांपैकी फारसं कुणी परत आलं नाही.

कारण फळातच होतं. इंग्लंडमध्ये 1903 मध्ये स्थापन झालेल्या लाँग ॲश्टनच्या संशोधन केंद्राने सायडरच्या सफरचंदांचे चार गट पाडले. आम्ल 0.45 टक्क्यांच्या वर की खाली आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक, 0.2 टक्क्यांच्या वर की खाली, एवढाच हिशेब. परसातली सफरचंदं खाण्यासाठी लावलेली, म्हणजे गोड किंवा आंबट. तुरटपणा त्यांत जवळजवळ नाहीच, आणि सायडरला भरदारपणा येतो तो तुरटपणाने.

मग कुणीतरी अर्धं पोतं बारकी, हिरवट फळं 'बघा, उपयोग होतोय का' म्हणून आणून टाकली. कुंपणाजवळ आपोआप उगवलेलं झाड होतं, मालक ते तोडणारच होता. एक फळ चावलं आणि जीभ टाळ्याला चिकटली. त्या सबंध हंगामात याच्याइतका आनंद आम्हाला कशानेच झाला नाही. आलेलं अर्धं पोतं एकाच टाकीत मिसळलं. फरक कळला तसं पुढच्या हंगामात त्या झाडाचं एकूण एक फळ उचलून आणलं, आणि तसली आणखी चार झाडं हुडकली.

त्याच वर्षी फजिती झाली. टाकीतून काढलेली सायडर ग्लासात सोनेरी दिसली. आम्ही बोलत बसलो आणि दहा-पंधरा मिनिटांत ती हिरवट काळी पडत गेली, शाईचा थेंब टाकावा तशी. शोधता शोधता रस काढायच्या प्रेसच्या तळाशी एक लोखंडी बोल्ट सापडला, गंज चढलेला. लोखंड आणि टॅनिन हवेत एकत्र आले की काळा रंग धरतात. जुनी शाई याच मेळातून बनायची. बोल्ट पहिल्या वर्षीही तिथेच होता, पण तेव्हा रसात टॅनिनच नसल्यामुळे त्याची चोरी पकडली गेली नाही! सबंध टाकी ओतून दिली. आता रसाला लागणारं सगळं स्टेनलेस स्टीलचं आहे.

बाकी काम तसं संथ. पाण्याची घनता 1 धरली तर रसाची साधारण 1.050 असते, तो पूर्ण आंबला की मद्यार्क साडेसहा टक्क्यांच्या आसपास येतो. दहा ते पंधरा अंशांत हळू आंबवलं तर फळाचा वास टिकतो, म्हणून आम्ही टाक्या गरम करत नाही. कंटाळा येतो, पण ते चालवून घेतो.

सगळ्यात मोठी डोकेदुखी अजून सुटलेली नाही. बरीच झाडं वर्षाआड लदतात. भराच्या वर्षी पोती नाकारावी लागतात, आडवर्षी आम्ही पिशव्या घेऊन दारोदार हिंडतो. दर वर्षीची चव वेगळी लागते, ती सारखी करायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. बाटलीवर हंगामाचं साल छापतो.

तुरट फळांचा मालक हल्ली पोत्यामागे इतरांच्या दुप्पट बाटल्या मागतो. आम्ही देतो.