बॉट बरे, पण संशय नको

शुक्रवार, रात्री उशिरा

ऑनलाइन गोळीबाराच्या खेळात माणसाच्या जागी खेळणारा प्रोग्राम म्हणजे बॉट. त्याचा मला आता फारसा राग येत नाही. तो लगेच ओळखू येतो. मान गर्रकन फिरते, गोळी थेट डोक्यात, चॅटमध्ये तेच ते वाक्य. मतदान करून काढायला जावं तर सर्व्हरवर बहुमत त्यांचंच, म्हणून मध्यंतरी मलाच हाकललं गेलं. (यंत्रांची लोकशाही!) निघायचं, दुसरा सर्व्हर शोधायचा.

डोक्यात राहतो तो थोडीशीच चीट (फसवणुकीचं सॉफ्टवेअर) वापरणारा माणूस. त्याला भिंतीपलीकडचं दिसत असतं, तरी तो मधूनच एखादी गोळी मुद्दाम चुकवतो, कोपऱ्यावर उगाच थबकतो. भिंतीपलीकडचं दाखवणाऱ्या या चीटमध्ये, म्हणजे वॉलहॅकमध्ये, जादू काहीच नाही. शत्रू आडोशाला असला तरी त्याची जागा सर्व्हरने आपल्या कॉम्प्युटरला आधीच कळवलेली असते, नाहीतर तो बाहेर येताना उशिरा दिसेल. चीट ती मेमरीतून वाचते, एवढंच. व्हॅलोरंट या खेळात यावर उपाय म्हणून शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा पाठवतच नाहीत. हे मला पटतं. त्याच खेळाचं चीट पकडणारं सॉफ्टवेअर, व्हॅनगार्ड, मात्र कॉम्प्युटर सुरू होताच कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ठाण मांडतं. तासभराच्या खेळासाठी दिवसभर पहारा कशाला?

सगळ्यात आवडला तो डोटा 2 या खेळातला 2023चा सापळा. साध्या खेळात कधीच वाचला जाणार नाही असा डेटा खेळ बनवणाऱ्यांनी एका अपडेटमध्ये गुपचूप ठेवला. ज्याने वाचला तो चीटवाला, वाद संपला. 40,000हून जास्त खाती कायमची बंद झाली. नेम फारच चांगला दिसतो, जिंकण्याचं प्रमाण जरा जास्तच आहे, असले अंदाज बांधावेच लागले नाहीत.

एरवी रिपोर्ट केला की बरेच दिवस काहीच होत नाही. त्यामागचं कारण समजतं. एकेकाला सापडल्या सापडल्या काढलं तर चीट बनवणाऱ्याला कळेल की नेमकं काय पकडलं गेलं, आणि तो तेवढंच बदलेल. म्हणून बरेच जण साठवून एकदम बॅन करतात. पण तोवर त्याच्यासमोर मरायचं आम्हीच.

आज शेवटच्या मॅचमध्ये एकाने मला धुरातून टिपलं. एकच गोळी. पूर्वी अशा वेळी ‘काय मारलंस!’ असं सहज लिहून टाकायचो, हरल्याचं वाईटही वाटायचं नाही. आज हात आधी रिपोर्टकडे गेला. मग रीप्ले लावला. मी धावत होतो, पावलांचा आवाज त्याला गेला असणार. बंदूकही आधीपासून त्याच वाटेवर रोखलेली. पण रोखलेली जरा जास्तच अचूक वाटली. मागे घेऊन पुन्हा पाहिलं, हळू करून पाहिलं, ठरेना. रिपोर्ट केला नाही. दादही दिली नाही.