नववीतल्या मुलाला काय वाचायला देऊ?

"मॅडम, आमचा आता नववीत गेला. त्याला काय वाचायला देऊ?" सांगलीत शाळेचं ग्रंथालय सांभाळत असल्यामुळे हा प्रश्न मला सगळीकडे गाठतो. पालकसभेला आलेल्या आया विचारतात, विश्रामबागेत भाजी घेताना शेजारणी विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले मामा विचारतात. आणि बहुतेक वेळा प्रश्नाला एक शेपूट असतं, "जरा बोध मिळेल असं काहीतरी सांगा." तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि सुरुवात त्या शेपटापासूनच करते. बोध तेवढा बाजूला ठेवा.

तेरा ते सोळा या वयातल्या मुलांना बोध काही कमी मिळत नाही. घरी, शाळेत, क्लासला, गणपतीत पाया पडायला गेलं तरी मिळतो. पुस्तकात त्यांना तेच पुन्हा नको असतं. त्यांना हवं असतं आपल्या आसपासच्या वयाचं एखादं माणूस, ज्याच्यावर काहीतरी ठरवायची पाळी आली आहे आणि जवळच्या मोठ्यांकडे उत्तर नाही. मी पुस्तक निवडताना एवढं एकच बघते. यातल्या मुलाला किंवा मुलीला स्वतः काही ठरवावं लागतं का? की सगळं आजोबा, गुरुजी नाहीतर पोलीस येऊन निस्तरतात?

आपल्या सांगलीच्या मुलांना हे जास्तच कळतं असं मला वाटतं. आज जी नववी-दहावीत आहेत ती ऑगस्ट २०१९ मध्ये अगदी लहान होती. कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, घरंच्या घरं सोडावी लागली, तेव्हा आईबाप काय करावं ते न कळून उभे होते, हे या मुलांनी डोळ्यांनी पाहिलंय. मोठ्यांना सगळं येतं अशी गोष्ट त्यांच्या हातात दिली तर ती त्यांना खरी कशी वाटेल?

म्हणून मी पहिलं नाव घेते ते 'बनगरवाडी'चं. व्यंकटेश माडगूळकर आपल्या आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. कादंबरी १९५५ ची. पालकांचा चेहरा उतरतो, "ते जुनं? धनगरांचं? मुलांना आवडेल?" अहो, आवडतं. औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीवर एक कोवळा पोरगा मास्तर म्हणून जातो आणि बघतो तर शाळेत पोरंच नाहीत. पोरं मेंढरांमागे गेलेली. वस्तीतले लोक त्याच्याकडे संशयानं बघतात, आणि वर कुणाला काही अडलं की मास्तरकडेच येतात, कारण अक्षर येणारा तोच एकटा.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं हे पुस्तक कपाटापाशी उभ्या उभ्याच उघडलं. कवठेमहांकाळकडची, इथं मावशीकडं राहून शिकणारी. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी पानावर बोट तसंच. मग मान वर करून मला म्हणाली, "बाई, ह्या मास्तरला तर काहीच येत नाही की. आता हा कसं करणार?" तिनं पुस्तक घरी नेलं ते त्या 'कसं करणार'साठी. त्यातला मास्तर गावाला हाताशी धरून तालीम बांधायला घेतो, त्यात फसतो, निभावतो. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, वस्ती उठून जाते, आणि त्यावर कुणाकडेच इलाज नसतो. हा शेवट मुलांना जड जाईल असं पालकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. तो शेवट वाचलेलं मूल परत येऊन बोलतं, आणि बराच वेळ बोलतं.

'फकिरा'सुद्धा घरचाच. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. कादंबरी १९५९ ची, १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. माणसं उपाशी मरत असताना फकिरा धान्य लुटतो, आणि पुढे इंग्रज सरकार त्याच्या माणसांना कोंडतं तेव्हा त्यांच्यासाठी स्वतः हजर होतो. लुटणं बरोबर की चूक, यावर दहावीच्या मुलांमध्ये जो वाद होतो तो ऐकण्यासारखा असतो. ज्यांना वाचायचाच कंटाळा आहे अशा मुलग्यांना मी हे देते. घोडा आहे, झुंज आहे, आणि वेग असा की सुरुवातीचा कंटाळा टिकत नाही.

आता 'शाळा'. मिलिंद बोकीलांची ही कादंबरी २००४ ची, आणि तिच्याबद्दल मला जितकं समजावून सांगावं लागतं तितकं दुसऱ्या कुठल्याच पुस्तकाबद्दल लागत नाही. "त्यात प्रेमप्रकरण आहे म्हणे." आहे. "शिव्या आहेत म्हणे." त्याही आहेत. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि वर्गातली शिरोडकर, जिच्यावर त्याचा जीव जडलाय. तुमच्या मुलाच्या वर्गातही एक शिरोडकर असणार, आणि तुमच्या मुलीकडे बघणारा एखादा जोशीही. त्याबद्दल ती मुलं तुमच्याशी बोलणार नाहीत, माझ्याशीही नाहीत. मोबाइलवर त्यांना जे दिसतं त्यात आकर्षण आहे, पण त्यातला संकोच, भीती, समोरच्या मुलीला काय वाटत असेल हा विचार, हे काहीच नाही. या कादंबरीत ते पानोपानी आहे. चांगल्या घरातल्या मुलानं हे वाचू नये म्हणणाऱ्या पालकांना मी एकच विनंती करते, आधी तुम्ही वाचा. एका बाबांनी खरोखर वाचली. परत आणून दिली तेव्हा फक्त म्हणाले, "त्याला द्या." मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

मुलींसाठी वेगळी पुस्तकं आणि मुलग्यांसाठी वेगळी, ही वाटणी मला मान्य नाही. शांता शेळक्यांनी इंग्रजीतून मराठीत आणलेली, चार बहिणींची 'चौघीजणी' मी मुलग्यांनाही देते. त्यातली 'जो' नावाची बहीण आजारी वडिलांकडे निघालेल्या आईच्या हातात पैसे ठेवता यावेत म्हणून आपले केस विकून येते. तिला तसं कुणी सांगितलेलं नसतं. त्या प्रसंगाशी मुलगेही थबकतात.

प्रकाश नारायण संतांचा लंपन हा माझा अगदी जिव्हाळ्याचा. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' अशी चार पुस्तकं. म्हटलं तर कथा, पण सलग वाचल्या तर कादंबरीच. लेखक कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवायचे, गोष्ट मात्र बेळगावकडची. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा. भाषेत कानडीची फोडणी आहे, त्यामुळे मिरज-जतकडच्या मुलांना ती आपल्या आजीची बोली वाटते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना पहिली पानं अडखळायला होतात. त्यांना पहिली गोष्ट घरी कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवा. पुढचं ती आपापलं वाचतात.

इंग्रजीतून वाचणाऱ्यांची चिंता मी करत नाही, त्यांच्याकडे पुस्तकं भरपूर पोचतात. 'हंगर गेम्स' वाचते म्हणून मुलीला रागावू नका. जिवावरच्या खेळासाठी नाव निघालेल्या बारा वर्षांच्या बहिणीच्या जागी सोळा वर्षांची कॅटनिस पुढे होते, तिथूनच ती गोष्ट पेटते. एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' १९६७ ची. लेखिकेनं ती लिहायला घेतली तेव्हा ती स्वतः पंधरा वर्षांची होती. आईवडील गेलेले तीन भाऊ, गावातल्या पोरांच्या दोन टोळ्या, सोपं इंग्रजी. लिखाणाची हौस असलेल्या मुलांना हे पुस्तक देताना लेखिकेचं वय मी आवर्जून सांगते.

लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' आणि आनंद यादवांची 'झोंबी' मी दहावीनंतर देते. दोन्हींत शिकण्यासाठी झगडणारा मुलगा आहे. 'उपरा' तर आपल्या शेजारच्या फलटणकडचं, गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या कैकाडी घरातल्या मुलाचं. पण ही पुस्तकं "बघ, लोक कसे शिकले, आणि तू!" असं म्हणून हातात देऊ नका, कळकळीनं सांगते. तसं म्हणून दिलेलं पुस्तक मूल उघडत नाही, आणि ही दोन पुस्तकं न उघडता राहणं हा मोठा तोटा आहे.

देण्याची रीतही विचारता म्हणून सांगते. एक पुस्तक देऊ नका, तीन ठेवा आणि निवडू द्या. पन्नास पानांनंतर नको वाटलं तर परत करायची मुभा द्या. वाचून झाल्यावर "काय शिकलास?" विचारू नका. विचारायचंच असेल तर "तू असतास तर काय केलं असतंस?" विचारा, आणि उत्तर पटलं नाही तरी पुरतं ऐका.

भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'चं काय, हेही हमखास विचारलं जातं, कारण मोठ्या भावाच्या कपाटात ती असतेच. पांडुरंग सांगवीकर गाव सोडून पुण्याला शिकायला जातो. तुमचा मुलगाही बारावीनंतर पुण्याला जाईलच, तेव्हा देऊ. आत्ता शाळेच्या ग्रंथालयात 'बनगरवाडी'च्या तीन प्रती आहेत, त्यातली एक सोमवारी परत येतेय. मधल्या सुट्टीत त्याला माझ्याकडे पाठवा.