पिवळा पट्टा

सकाळी साडेनवाला लॅबमध्ये गेले ती आत्ता आठ वाजता खोलीवर आले. पाय भरून आलेत, पण आज लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी चाल्कोन या प्रकारचं सेंद्रिय संयुग बनवतेय. ते शुद्ध करायला सिलिकाची पूड भरलेली काचेची उभी नळी, म्हणजे कॉलम, वापरतो. मागच्या आठवड्यात माझा कॉलम सुकला. सॉल्व्हंट, म्हणजे त्यातून वाहणारा द्रावक, सिलिकाच्या पातळीखाली उतरला, सिलिकाला तडे गेले आणि वेगळे होत आलेले पट्टे पुन्हा एकमेकांत मिसळले. पंधरा दिवसांची मेहनत गेली. त्या रात्री घास उतरला नाही.

आज पीएचडी करणाऱ्या ताई शेजारी स्टूल घेऊन बसल्या. "घाई नको गं. आधी सिलिका नीट बसू दे." हेक्झेन या सॉल्व्हंटमध्ये कालवलेली सिलिका ओतली, रबराच्या नळीने हलके टिचकावत बुडबुडे काढले, वर वाळूचा थर दिला. मग एथिल ॲसिटेट हा दुसरा सॉल्व्हंट थोडा थोडा वाढवत नेला, आणि लिंबाच्या सालीच्या रंगाचा एक पट्टा संथपणे खाली सरकू लागला. १९०६ साली मिखाईल त्स्वेत यांनी पानांतली रंगद्रव्यं अशीच खडूच्या भुकटीतून वेगळी केल्याचं लिहिलं होतं. पुस्तकात कितीदा वाचलंय, आज कळलं त्यांना काय दिसलं असेल.

तो पट्टा चौदा ते बावीस नंबरच्या टेस्टट्यूबमध्ये जमा झाला. तो शुद्ध आहे का हे पाहायला टीएलसी प्लेट (सिलिकाचा पातळ थर दिलेली पट्टी) २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरली. एकच काळा ठिपका, वर-खाली काही नाही.

उद्या सॅम्पल एनएमआरला, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीला, द्यायचंय. दुहेरी बंधावरच्या दोन प्रोटॉनांचं कपलिंग (एकमेकांवरचा परिणाम) १५-१६ हर्ट्झ आलं, की ट्रान्स नक्की, म्हणजे ते दोघं बंधाच्या विरुद्ध बाजूंना आहेत.

ताई, तुम्ही जेवण सोडून बसलात. खूप खूप आभार.