हूड ओढत नाही? आधी लॅबचं दार उघडा

जुन्या सायन्स बिल्डिंगमध्ये केमिस्ट्रीवाल्यांची तक्रार ठरलेली: फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा बाहेर ओढणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट) ओढत नाही. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे गच्चीवर मोठा ब्लोअर. थांबा. हूड चालू ठेवा, काचेच्या कडेला टिश्यूची पट्टी चिकटवा आणि लॅबचं दार उघडा. लोंबकळणारी पट्टी झटकन आत वळली, तर ब्लोअर ठणठणीत आहे. लॅबमध्ये हवाच येत नाहीये.

हिशोब साधा आहे. हूडचं तोंड दीड मीटर रुंद, काच ४५ सेंटिमीटर वर, हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटर, म्हणजे एक हूड ताशी सुमारे १,२०० घनमीटर हवा बाहेर फेकतो. दहा हूड, १२,००० घनमीटर. तेवढी हवा कुठून तरी यायलाच हवी. त्यातली साधारण नव्वद टक्के डक्टमधून द्या, उरलेली कॉरिडॉरमधून येऊ दे. वास लॅबबाहेर जात नाही तो याच फरकामुळे.

खरा खर्च इथे आहे. मुंबईच्या पावसाळ्यातली ३० अंश, ८५ टक्के आर्द्रतेची ही १२,००० घनमीटर हवा २५ अंश, ५० टक्क्यांवर आणायला जवळपास ४२ टन एसी लागतो. स्प्लिट एसी इथे कामाचे नाहीत. ते खोलीतलीच हवा फिरवतात, आणि त्यांचा झोत हूडच्या तोंडावर आला की धूर बाहेर. सीलिंग फॅनचंही तेच. हूडसमोरचा पंखा काढाच.

म्हणून आधी बाहेर जाणारी हवा कमी करा. काचेला ४५ सेंटिमीटरवर स्टॉपर, काच खाली आली की हवा कमी करणारा कंट्रोल आणि ब्लोअरला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र. डक्टमधला दाब राखावा लागतो म्हणून कागदावरची पूर्ण बचत मिळत नाही, पण ब्लोअरचा वेग ८० टक्क्यांवर आला तर वीज निम्म्याच्या आसपास येते. मात्र वेग उतरला की चिमणीतून निघणारा झोतही मंदावतो. तो सेकंदाला १५ मीटरच्या आसपास हवा, नाहीतर धूर गच्चीवरच लोळतो आणि ताज्या हवेच्या जाळीतून परत आत. त्यासाठी ब्लोअरच्या आधी गच्चीवरची हवा ओढणारा बायपास डँपर (उघडझाप होणारी झडप) ठेवा.

चिमणीवर टोपी नको, ती धूर खाली वळवते. पावसाचं पाणी ब्लोअरच्या तळाशी ड्रेन देऊन काढा. ॲसिडच्या वाफांत जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचा) डक्ट आतून सडतो, म्हणून पीपी-एफआरपी, म्हणजे आत प्लास्टिक आणि बाहेर फायबरग्लास. पर्क्लोरिक ॲसिडचा हूड मात्र कधीही सामायिक डक्टला जोडू नका. त्याचे क्षार डक्टमध्ये साठून स्फोट होऊ शकतो. त्याला स्वतंत्र ब्लोअर आणि पाण्याने धुता येणारा डक्टच हवा.

काम ताब्यात घेताना ॲनिमोमीटरने हूडच्या तोंडावर नऊ ठिकाणी हवेचा वेग मोजा. दारं बंद, एसी चालू, दहाही हूड एकदम चालू. कंत्राटदार एकच हूड चालू ठेवून आकडा दाखवतो.